अडुसष्ट वर्षांची ईश्वरी

नेरूळ, सेक्टर ६
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

चि. उदयसिंह यास,

मंगळवार, ११ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटे. मी ईश्वरीचा डबा घासत होते. त्या वेळी तू मस्कतहून 'भोईटे परिवार' या ग्रुपवर, एकतीस नातेवाइकांच्या देखत, हे लिहिलंस: "आईच्या नावाच्या अकाउंटवरून टॅबवर काय घाण बघितली जाते त्याचा रिपोर्ट माझ्याकडे आलाय. ईश्वरी त्याच टॅबवर अभ्यास करते. आई, या वयात तरी लाज बाळग." मी हात पुसून, चष्मा शोधून उत्तर लिहायला घेतलं, तोवर तू मला ग्रुपमधून काढून टाकलं होतंस. फोन केला तर लागेना. प्रियदर्शिनी म्हणाली, "आई, त्याने तुम्हाला ब्लॉक केलंय."

म्हणून हे पत्र. पोस्टाला अजून कोणी ब्लॉक केल्याचं ऐकिवात नाही. नेहमीचे आशीर्वाद या खेपेला लिहीत नाही.

तुझ्या मेसेजचा परिणाम कळवते. पाच मिनिटांत कोरेगावहून तुझ्या आप्पाकाकांचा फोन.

"वैनी, आवो पोरगं काय म्हनतंय? तुमी काय बघितलंसा?"

"काही बघितलं नाही, आप्पा."

"मग ती घान म्हंजे काय? आमाला कळूद्या तरी."

"मला माहीत असतं तर तुम्हाला सांगितलं असतं."

"असूंद्या, असूंद्या. आता वय झालं. एकटं मानूस, जीव रमवायला कायतरी लागतंच. आमीबी बघतो कधीमधी कुस्त्या."

कुस्त्या! त्यांनी मला समजून घेतलं, उदयसिंह. शिव्या दिल्या असत्या तर मी जास्त शांत झोपले असते.

मी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. इतक्या वर्षांत माझ्या हातून हजारो माणसांची पाकिटं गेली, एकही उघडलं नाही. माझं स्वतःचं ईमेल अकाउंट एकच आहे. त्यात पेन्शनचा कागद आणि विजेचं बिल येतं. रंगेल म्हातारपण ते हेच असेल तर मला आधी कोणी सांगितलं नाही.

कालच प्रियदर्शिनी आली. चपला न काढता दारातच उभी राहिली, तेव्हाच मी ओळखलं. "आई, उदय म्हणतोय थोडे दिवस ईश्वरीला शाळेतून परस्पर पाळणाघरात ठेवू. सीवूड्स स्टेशनजवळ चांगलं आहे. एसी आहे." पहिलीपासून ती पोर शाळा सुटली की माझ्याकडे येते. आता सहावीत आहे. मी म्हटलं, एसी आहे म्हणजे प्रश्नच मिटला.

तिने मान खाली घातली. तिच्यावर माझा राग नाही. दिवसभर महापेला कंपनीत डोकं घालायचं आणि रात्री तुझ्या फोनवर हो हो करायचं, यात तिचं वय चाललंय.

माझी मागणी एकच. तो रिपोर्ट मला दाखव. चोराला पकडलं तरी कशाबद्दल ते सांगतात. मी तर तुझी आई आहे.

सुनयना भोईटे


नेरूळ
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चि. उदयसिंह,

रिपोर्ट पाहिला. तू पाठवला नाहीस, प्रियदर्शिनीने तिच्या फोनवर दाखवला. तू टॅबमध्ये जे पहारेकरी अ‍ॅप बसवून गेलास त्याने काम चोख केलंय. कोणत्या अकाउंटवर किती वाजता काय उघडलं, त्याची यादी आहे; आतला मजकूर नाही. अकाउंटवर नाव सुनयना भोईटे, जन्मतारीख ९ जानेवारी १९५७. दोन्ही माझीच. अकाउंट माझं नाही.

वेळ सगळी दुपारी तीन ते चारची आहे. त्या वेळी मी पेपर वाचत असते. डोळे मिटून वाचते, हे खरं आहे.

परवा शिवजयंतीची सुट्टी होती. पाळणाघर बंद, प्रियदर्शिनीची कंपनी चालू. तेव्हा नाइलाजाने का होईना, नात माझ्याकडे आली. आम्ही दोघी हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो. मी काहीही विचारलं नाही. कॉन्व्हेंटात आम्हाला सिस्टर समोर उभं करून विचारायच्या, आणि आम्ही तोंडावर सरळ खोटं बोलायचो. हात कामात असले की माणूस खरं बोलतं.

"आजी, तू बाबाला सांगितलंस का, की ते तू नाही बघितलं?"

"तो माझं ऐकून घेत नाहीये."

"मग सांग ना, की ते माझं अकाउंट आहे." आणखी एक घाटा सोलून, "म्हणजे तुझंच आहे. पण माझं आहे."

मी म्हटलं, घाटे बाजूला ठेव आणि नीट सांग. ती नीट सांगू लागली, पण घाटे बाजूला ठेवले नाहीत.

तर ऐक. शनिवारी ती सारसोळे गावात मिथुनच्या कॉम्प्युटर क्लासला जाते, हे तुला माहीत आहे. तिथला गृहपाठ ईमेलवर येतो. तू तिला मुलांसाठीचं अकाउंट काढून दिलंस, ते प्रत्येक गोष्टीला तुझी परवानगी मागतं. तू दिवसभर प्लँटवर. परवानगी येते रात्री, तोवर क्लास संपून पोरं घरी. बाकीच्या मुलांचंही तेच रडगाणं. मग मिथुनने तोडगा काढला: ज्याने त्याने आपल्या आजीच्या नाहीतर आजोबांच्या नावाने अकाउंट काढायचं. ईश्वरीने माझं नाव घातलं. माझी जन्मतारीख तिला पाठ आहे, दर वर्षी केक तीच निवडते.

काल मी सारसोळ्याला गेले. क्लास मिथुनच्या घराच्या तळमजल्यावर आहे, वरचे मजले भाड्याने. ओट्यावर त्याची आई मालतीबाई सुकट निवडत बसली होती.

"ये गो बाय, बस. कोनची आजी तू?"

"ईश्वरीची."

"आगो, ती! हुशार हाय पोर. मिथुन, बाहेर ये, ईश्वरीची आजी आयलीय."

मिथुन बाहेर आला. चांगला मुलगा आहे. तिशीतला, अंगावर क्लासचा टी-शर्ट. मी त्याला फक्त विचारलं की माझ्या नावावर माझ्या परवानगीशिवाय काय काय चालतं.

"काकू, टेन्शन नका घेऊ. तेरा वर्षांच्या खाली अकाउंट नीट ओपनच होत नाय ना. मग मी बोललो, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं नाव टाका. सेफ."

"सेफ कसं?"

"म्हणजे आपल्यात कसं असतं? गॅस आजीच्या नावावर, लाइटबिल आजोबांच्या नावावर, घरपट्टी पण. मोठ्याचं नाव असलं की कोण त्रास देत नाय. माझ्या पोराचं पण आईच्याच नावावर हाय."

मालतीबाईंचा हात सुकटीत थांबला. "माजे नावान? मना कोनी इचारला?"

"आई, चांगलं नाव म्हणून लावलं."

"चांगला नाव! म्हावरा इकताना त्या नावान मी काय काय बोलतंय, ते बाजारान येऊन ऐक."

मला हसू आलं आणि मी ते आवरलं, कारण भांडायला गेले होते. पण घरी येताना वाटेत हसू ओसरलं. त्या मुलाचं म्हणणं वेडेपणाचं होतं आणि ते आपल्या सगळ्यांचं आहे. तुझे वडील जाऊन सहा वर्षं झाली आणि आपलं वायफाय अजून त्यांच्या नावावर आहे. वडीलधाऱ्याचं नाव लावलं की वस्तूला संरक्षण मिळालं, असं आपण धरून चालतो. तेवढ्यासाठी तर आमची नावं जपून ठेवता.

पण यंत्राला वडीलधारं माणूस कळत नाही. त्याला वय कळतं. अकाउंटवर ईश्वरीचं खरं अकरा वर्षांचं वय असतं तर त्याने चार दारं आपणहून लावून घेतली असती. अडुसष्ट वर्षांची बाई आहे म्हटल्यावर त्याने सगळी उघडी टाकली. माझ्या नावाने आपण त्या पोरीला पांघरूण घातलं नाही, असलेलं काढून घेतलं.

त्या दारांतून काय आलं ते मी अजून पाहिलेलं नाही. ईश्वरी म्हणाली, "आई असताना दाखवीन." रविवारी प्रियदर्शिनीला बोलावलं आहे.

तुझा एक आरोप आता निकालात निघाला. ग्रुपवर तसं लिही. मी तिथे नाही, पण आप्पा आहेत.

सुनयना भोईटे


नेरूळ
सोमवार, ३ मार्च

चि. उदयसिंह,

दहा दिवस तुझी वाट पाहिली. शेवटी तुझा निरोप प्रियदर्शिनीकडून आला: "आईला सांग, कळलं. आता विषय वाढवू नको." विषय मी वाढवत नाहीये. तो माझ्याकडे बऱ्यापैकी वाढूनच आला होता. हे पत्र बसून वाच.

त्या रविवारी आम्ही तिघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. ईश्वरीने टॅब माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "वाच." मी तो परत तिच्यापुढे सरकवला. म्हटलं, पत्रं तुझ्याकडे आली आहेत. तू वाच, आम्ही ऐकतो. जे वाचवणार नाही ते नुसतं दाखव.

सुरुवातीला कचराच होता. गुडघेदुखीचं तेल. कर्ज. श्रवणयंत्र. मग एकट्या ज्येष्ठांसाठी मैत्री जुळवणाऱ्या कंपन्या, आणि त्यांच्या मागोमाग असल्या जाहिराती, ज्यांच्यावर प्रियदर्शिनीने हात ठेवला. ईश्वरी म्हणाली, "आई, ते मी बघितलंय आधीच." इतक्या साध्या आवाजात म्हणाली की प्रियदर्शिनीने हात तसाच ठेवला, काढायचं तिला सुचेना.

मग एका माणसाची पत्रं. स्वतःला कॅप्टन म्हणवणारा. डिसेंबरात त्याने 'आदरणीय सुनयनाजी' असं लिहून सुरुवात केली. विधुर आहे, एकटा आहे, आपल्यासारख्या समजूतदार स्त्रीशी बोलायला आवडेल. हे असलं जाळं टाकणारे एकदम हजारांना लिहीत असतात. ईश्वरीने त्याला उत्तर दिलं.

मी विचारलं, का दिलंस?

"तूच म्हणतेस ना, कोणी पत्र लिहिलं की उत्तर द्यायचं असतं."

म्हणते. शंभर वेळा म्हटलं असेल.

तिने माझ्या वतीने त्याला फार छान उत्तर लिहिलं होतं. 'माझी तब्येत बरी आहे, आज आम्ही थालीपीठ केलं.' दोन-तीन पत्रांत तिच्या लिहिण्यात शाळा, बाई, गृहपाठ येऊ लागले. आजीचं सोंग अकरा वर्षांच्या पोरीला किती दिवस जमणार? त्याने एके दिवशी विचारलं, तू कितवीत आहेस? तिने सांगितलं.

तिथून त्याची भाषा बदलली. गेममध्ये बक्षिसं देतो. तू माझी खास मैत्रीण. घरी कोणाला सांगू नकोस, त्यांना आपली मैत्री कळणार नाही. आणि फोटो पाठव.

इथे प्रियदर्शिनी उठून बेसिनपाशी गेली आणि पाणी सोडून उभी राहिली. मी ईश्वरीला विचारलं, पाठवलास?

"हो."

मी विचारलं, कोणता?

"तुझा पाठवला. पेन्शनच्या ओळखपत्रावरचा. अकाउंट तुझ्या नावाचं आहे ना."

उदयसिंह, तो फोटो तू पाहिला आहेस. त्या दिवशी माझी दाढ काढलेली होती. तो पाहिल्यावर त्या गृहस्थाने बरंच वाईट लिहिलं, आणि मग सूड म्हणून एकामागून एक घाणेरडी चित्रं पाठवली. तुझ्या अ‍ॅपने तुला कळवलं ते हेच. जानेवारीच्या अखेरीपासून. तू पंधरवड्याने उघडून बघितलंस, पण तो तुझ्या कामाचा व्याप, मी त्यावर बोलत नाही.

मी यावर बोलते. मी ईश्वरीला विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंस? तिचं उत्तर जसंच्या तसं देते.

"बाबाला सगळा रिपोर्ट जातो ना. मला वाटलं त्याला पहिल्याच दिवशी कळलं. तो फोनवर काहीच बोलला नाही. म्हणजे तो माझ्यावर रागावलाय, असं मला वाटलं. मी वाट बघत होते तो कधी ओरडेल त्याची. मग तो तुझ्यावर ओरडला."

तू लांब बसून तिच्यावर लक्ष ठेवत होतास, आणि ती तुझ्याकडे बघत होती. हे अ‍ॅप विकणाऱ्यांनी तुला सांगितलं नसेल. पहाऱ्यावर बाप आहे म्हटल्यावर मूल हाक मारत नाही. त्याला वाटतं, बापाने बघितलंय.

आता काय केलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. सायबरचं काम बघणारी एक तरुण अधिकारी होती. तिने आमच्याआधी ईश्वरीला खुर्ची दिली आणि म्हणाली, "बाळा, यात तुझी काहीही चूक नाही. तू सांगितलंस ते बेस्ट केलंस." काही खोडायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, सगळ्याची प्रत त्यांना द्यायची, मग त्या माणसाला ब्लॉक करायचं. तक्रार नोंदवून घेतली. माणूस सापडेल की नाही, ती म्हणाली, सांगता येत नाही. खोटी आशा दाखवली नाही, म्हणून मला ती आवडली.

आणि काल, रविवारी, मिथुनच्या क्लासात सगळ्या आजी-आजोबांची सभा भरवली. भरवली म्हणजे मीच भरवली. मिथुन बिचारा खुर्च्या मांडत होता. प्रत्येक मुलाने आपल्या आजी-आजोबांशेजारी बसून 'त्यांचं' अकाउंट उघडायचं, असं ठरलं. आम्ही म्हातारे इतके दिवस काय उद्योग करत होतो, ते आम्हाला तिथे समजलं.

किसनराव म्हणून एक आहेत, वाशीच्या मार्केटात जन्मभर माथाडी. त्यांच्या नावाने ताकदीच्या गोळ्यांची पत्रंच पत्रं. "आरं, ह्या गोळ्या मला कशापायी? बहात्तर वर्सं झाली मला." शेजारी नातू मान घालून. किसनरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, "तू उघडल्यास काय रं ह्या?" तो म्हणाला, "एकदा." "बरं. आता नगं." एवढंच. मला वाटलं होतं एक ठेवून देतील.

मालतीबाईंना लग्नाच्या सात मागण्या आल्या होत्या. "सात! नवरा गेला तवा येक मेला इचारीत नव्हता, आता पोरान माजा लगीन जमवलाय!" सगळी सभा हसत होती आणि मिथुनचा चेहरा पडलेला. नंतर त्याने उभं राहून हात जोडले. "माझी चूक झाली. मला खरंच वाटलं, मोठ्यांच्या नावात पोरं सेफ राहतील." आम्हा सगळ्यांनाही तसंच वाटलं असतं.

जुनी अकाउंटं बंद झाली. आमचं मात्र त्याच्या प्रती पोलिसांकडे गेल्यावर. नवी मुलांच्या खऱ्या वयाने निघाली, एका पालकाच्या देखरेखीखाली. ईश्वरीची देखरेख आता प्रियदर्शिनीकडे आहे. गृहपाठ मिथुन कागदावर देणार आहे. रोज संध्याकाळी ईश्वरी दिवसभरात काय आलं ते आईला आपणहून दाखवते, दहा मिनिटं. त्यात आतापर्यंत एका मैत्रिणीच्या मांजराचे फोटो निघाले आहेत. त्या मांजराला मी कंटाळले आहे, तरी बघते.

पाळणाघर बंद केलं. हे तुला विचारून केलेलं नाही.

आई


नेरूळ
बुधवार, १२ मार्च

चि. उदयसिंह,

सोमवारी तू मला ग्रुपमध्ये परत घेतलंस. एक अक्षर न लिहिता. एकतीस लोकांना दिसलं की उदयसिंहने सुनयना यांना जोडलं. आप्पांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी बारा मिनिटं तिथे बसले आणि स्वतः बाहेर पडले. परत घेऊ नकोस. कोणाला काही सांगायचं असेल तर त्यांच्याकडे माझा पत्ता आहे.

पण हे पत्र माझ्या मानासाठी नाही. तो विषय मी सोडला.

काल रात्री प्रियदर्शिनीने मला फॉर्म दाखवला. पुण्याजवळचं मुलींचं हॉस्टेल, सातवीपासून, जूनमध्ये प्रवेश. फोन नाही, टॅब नाही, घरी फोन पंधरा दिवसांतून एकदा, समोर वॉर्डन बसलेली. तुझी सही झालेली आहे. आई-वडील दोघांची लागते. मुदत २८ मार्च.

तुझा निरोपही तिने वाचून दाखवला: "आईचं बरोबर असेल. पण आता तिला या सगळ्यापासून लांबच ठेवू. तिथे हे काही पोचणार नाही."

उदयसिंह, अशा ठिकाणी मी सहा वर्षं काढली आहेत. घाटावरचं कॉन्व्हेंट, भोवती सिल्व्हर ओकची झाडं, पांढरे मोजे. तिथून मी चांगलं इंग्रजी, सरळ पाठ आणि तिखट जीभ घेऊन आले, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तिथे आमचं प्रत्येक पत्र मदर उघडून वाचायची. घरून आलेलं आणि घरी जाणारंही. आमच्या भल्यासाठी. त्यामुळे आम्ही दोन प्रकारची पत्रं लिहायचो. एक मदरसाठी: मी मजेत आहे, अभ्यास छान चालू आहे. दुसरी पाववाल्याच्या टोपलीतून बाहेर जायची. सगळ्या मुलींना पाववाला माहीत होता. मदरला शेवटपर्यंत कळला नाही.

माझ्या वर्गात भिवंडीची एक मुलगी होती, यास्मिन. तिला पाववाल्याच्याच टोपलीतून कोणाची तरी पत्रं यायला लागली. आधी ती हसायची, मग गप्प झाली. रात्री रडायची. घरी लिहायचं तर मदर वाचणार, मदरला सांगायचं तर पाववाला कळणार आणि सगळ्या मुली तिच्यावर उलटणार. तिने कोणालाच सांगितलं नाही. दिवाळीनंतर तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. का, ते आम्हाला सांगितलं नाही. तिची खाट आठवडाभर रिकामी होती, मग दुसरी मुलगी आली.

तिथे काही पोचणार नाही, असं तू म्हणतोस. सगळं पोचतं. बाहेरचं आत येतं, मुलींचं तेवढं घरी पोचत नाही.

आता प्रियदर्शिनीबद्दल. ती काल माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून फॉर्मची घडी घालत होती आणि उलगडत होती. म्हणाली, "आई, मी सही केलेली नाही. पण त्याला नाही कसं म्हणू? तो तिकडे एकटा बसून घाबरलाय. रात्री दोन-दोनदा फोन करतो, ईश्वरी झोपलीय का विचारतो. तिच्याशी बोल म्हटलं की म्हणतो, काय बोलू."

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पहिल्या पत्रात दोन वाक्यं कमी लिहिली असती. दोनच.

तू शनिवारी ईश्वरीशी फोनवर बोललास, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. अभ्यास कसा चाललाय, जेवलीस का, आईला त्रास देऊ नको. त्या माणसाबद्दल एक शब्द नाही. तिला अवघड वाटू नये म्हणून तू टाळलंस, हे मला समजतं. तिला समजत नाही. तिच्या हिशेबाने तुला कळल्याला आता दीड महिना झाला. एवढ्या दिवसांत बाबाने दोनच गोष्टी केल्या. आजीवर ओरडला, आणि हॉस्टेलचा फॉर्म भरला.

आज दुपारी ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी पेपर वाचत होते, खरोखर वाचत होते. म्हणाली, "आजी, बाबा मला पाठवतोय ते त्या माणसामुळे की माझ्यामुळे?"

मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही.

"तू नको सांगू. तुला काय माहीत? बाबाने सांगितलं पाहिजे."

बरोबर आहे तिचं. मी सांगितलेलं पुरणार नाही, प्रियदर्शिनीने सांगितलेलंही नाही, त्या पोलीस अधिकारी मुलीनेही सांगून झालं. तेव्हा प्रश्न तुझ्याकडे पाठवते आहे. उत्तर लेखी हवं, तुझ्या हाताने, कागदावर, ईश्वरीच्या नावाने. मला लिहायचं नाही. ग्रुपवर टाकायचं नाही. शुक्रवारी तुला सुट्टी असते, तेव्हा बस. फोटो काढून प्रियदर्शिनीला पाठव, मूळ कागद पोस्टाने येऊ दे. त्या माणसामुळे असेल तर मग पोरीने घर का सोडायचं, तेही लिही. तिच्यामुळे असेल, तर तेही स्वच्छ अक्षरात लिही आणि खाली सही कर.

मुदत मंगळवार, २५ मार्च, संध्याकाळी सहा. तोवर निदान त्या कागदाचा फोटो ईश्वरीच्या हातात पडला नाही, तर फॉर्मवर दुसरी सही होणार नाही. हे मी ठरवलेलं नाही. प्रियदर्शिनी इथे माझ्यासमोर बसली आहे, आणि तिने मला हे असंच लिहायला सांगितलं आहे.

तुझी आई